एमएस्सी सेम ४: प्रोजेक्ट, बॅकलॉग, क्लासची नोकरी आणि नेट, सगळं एकत्र कसं सांभाळायचं?

तुझा प्रश्न आधी परत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुलाही बघता येईल. तू एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या शेवटच्या सेमला (सेमिस्टरला) आहेस, तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजात. २२ क्रेडिट्सचं सेम, त्यात ६ क्रेडिट्सचा रिसर्च प्रोजेक्ट, वर सेम २ चा फिजिकल केमिस्ट्रीचा पेपर राहिलाय (तोच बॅकलॉग), संध्याकाळी क्लासवर बारावीला शिकवतोस कारण रूमचं भाडं आणि मेस त्यातूनच निघते, आणि जूनची सीएसआयआर नेट (संशोधन फेलोशिप आणि प्राध्यापक पात्रतेची परीक्षा) पण द्यायची आहे. विचारलंयस की टाइमटेबल कसं बनवू आणि नाहीच जमलं तर एखादा पेपर पुढे ढकलू का. मी पीजीला बरीच वर्षं शिकवतेय, प्रोजेक्ट गाइड करतेय, तर त्यातून जे दिसलंय ते सांगते. एकेरीत लिहितेय, माझ्या वर्गातल्या पोरांच्याच वयाचा आहेस.

पहिलं म्हणजे तुझी अडचण टाइमटेबलची नाहीये. टाइमटेबल तू याआधी तीनचार वेळा बनवलं असशील आणि दुसऱ्या आठवड्यात मोडलं असेल, आणि तुला वाटत असेल की आपल्यात शिस्त नाही. शिस्तीचा प्रश्नच नाही, तासच तेवढे नाहीयेत. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून एनईपीचं (नव्या शिक्षण धोरणाचं) जे स्ट्रक्चर आलं त्यात दोन वर्षांचे ८८ क्रेडिट्स, म्हणजे सेमला २२. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. तुझ्या कॉलेजात वाटणी थोडी वेगळी असेल, पण समज १० क्रेडिट्स थिअरीचे, ६ प्रॅक्टिकलचे आणि ६ प्रोजेक्टचे. थिअरी १५० तास, प्रॅक्टिकल १८०, प्रोजेक्टही प्रॅक्टिकलसारखा धरला तर अजून १८०. झाले ५१०. पंधरा आठवड्यांनी भाग, आठवड्याला ३४ तास नुसते कॉलेजात. त्यात क्लासचे रोजचे तीन तास, सहा दिवस, म्हणजे १८. ५२ तास झाले आणि अजून तू एसटीत बसलेला नाहीस, जेवला नाहीस, बॅकलॉगचं पुस्तक उघडलेलं नाहीस, नेट तर लांबच. म्हणून सगळ्याला थोडा थोडा वेळ देऊ हा विचारच आधी डोक्यातून काढ. प्रत्येक गोष्टीला रोज एक तास दिला की शेवटी प्रत्येक गोष्ट अर्धवट राहते, हे मी दर वर्षी बघते, आणि ती पोरं आळशी अजिबात नसतात.

मी माझ्या मुलांना या सेमला एकच प्रश्न विचारायला लावते: हे काम कोणाच्या हातात आहे? क्रेडिट किती, मार्क किती हे नंतर. थिअरीचा पेपर पूर्णपणे तुझ्या हातात आहे, रात्री अकराला वाचलास तरी चालतं, रविवारी वाचलास तरी चालतं. प्रोजेक्ट तसा नाही. त्यात केमिकल यायला वेळ, गाइडला वेळ असेल तेव्हा, लॅब असिस्टंट असेल तेव्हा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे एनएमआर (कंपाउंडची रचना ओळखायचा स्पेक्ट्रम) बाहेरून करून आणायचा तर त्याची रांग. जे दुसऱ्याच्या हातात आहे ते आधी मार्गी लावायचं, थिअरीचं नुकसान झालं तरी चालेल. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण जानेवारीत लेक्चर्स जोरात असतात, इंटर्नल्स येतात, ते समोर दिसतं, आणि प्रोजेक्टला 'अजून वेळ आहे' वाटतं. मग मार्च उजाडतो आणि अख्ख्या जिल्ह्यातली पोरं एकाच वेळी सॅम्पल पाठवायला धावतात.

तुझा विषय चाल्कोन हे कंपाउंड आणि त्यापासून पायराझोलिन हे रिंगवालं कंपाउंड बनवणं असा आहे असं लिहिलंयस. चांगला विषय आहे, शेवटच्या सेमला असाच विषय असावा, कारण केमिस्ट्री साधी आहे. असिटोफिनोन, बेंझाल्डिहाइड, इथेनॉल, सोडियम हायड्रॉक्साइड, खोलीच्या तापमानाला स्टरिंग, बर्फात ओतलं की सॉलिड पडतं, गाळायचं, न्यूट्रल होईपर्यंत धुवायचं, इथेनॉलमधून रिक्रिस्टलाइझ. ही पायरी दिवसादोन दिवसांत होते. वेळ कुठे जातो सांगते. सॅम्पल नीट न वाळवता पाठवलं जातं. टीएलसीवर (शुद्धता बघायच्या छोट्या प्लेटवर) एकच स्पॉट दिसला की पोरं खूश होतात आणि त्याच संध्याकाळी पुडी बांधतात. टीएलसीवर सॉल्व्हंट दिसत नाही रे. एनएमआर हातात येतो तेव्हा २.०५ ला आणि ४.१२ ला इथाइल अॅसिटेट उभं असतं, नाहीतर १.२५ आणि ३.७२ ला इथेनॉल, आणि आपल्या कंपाउंडचे पीक (शिखरं) त्यांच्या पायाशी बुटके दिसतात. मग परत वाळवा, परत पत्र, परत फी, परत रांग. व्हॅक्यूम डेसिकेटर असेल तर त्यात ठेव, नसेल तर कमी तापमानाला ओव्हनमध्ये, मेल्टिंग पॉइंट लागोपाठ दोनदा सारखा आणि शार्प आल्याशिवाय पुडी बांधू नकोस. एवढ्या एका सवयीने महिना वाचतो.

आणि एनएमआर कुठे करणार ते आजच ठरव. पुणे विद्यापीठाची सेंट्रल इन्स्ट्रुमेंटेशन फॅसिलिटी आहे, आयआयटी बॉम्बेचं सैफ (बाहेरच्यांची सॅम्पल्स तपासून देणारं उपकरण केंद्र) आहे, आपल्याकडची बरीच कॉलेजं चंदीगडला पंजाब विद्यापीठाच्या सैफलाही कुरिअरने पाठवतात. प्रत्येक ठिकाणी फॉर्म, फी, गाइडचं आणि हेडचं सहीशिक्क्याचं पत्र हे आलंच. कंपाउंड तयार व्हायच्या आधी हे कागद तयार ठेव. गाइड रजेवर, हेड मीटिंगला, असं करत सहीलाच आठवडा जातो आणि त्याची कल्पना कोणी देत नाही. किती कंपाउंड करायची यावरही गाइडशी आत्ताच मोकळेपणाने बोल. सहा-आठ डेरिव्हेटिव्ह्जची यादी जोशात लिहिली जाते. चार नीट कॅरेक्टराइझ केलेली, मेल्टिंग पॉइंट, आयआर, एनएमआर, सगळं जागेवर असलेली चार, ही माझ्या मते आठ अर्धवटांपेक्षा कितीतरी चांगली. एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) संख्येला भुलत नाही, तो एक स्पेक्ट्रम उघडतो आणि बोट ठेवून विचारतो हा पीक कशाचा.

इथेच तुझा थोडा वेळ परत मिळतो. तुझ्या पायराझोलिनमध्ये रिंगचा जो सीएच-टू आहे, त्याचे दोन प्रोटॉन एनएमआरमध्ये वेगवेगळे दिसतात, तीनच्या आसपास एक डबल डब्लेट, साडेतीन ते पावणेचारच्या मध्ये दुसरा, आणि शेजारचा सीएच अजून डाउनफील्डला. का वेगळे? कारण शेजारी स्टिरिओसेंटर आहे म्हणून ते दोन प्रोटॉन डायास्टिरिओटॉपिक आहेत, म्हणजे दोघांच्या आजूबाजूची परिस्थिती सारखी नाही. हा एकच मुद्दा नीट समजून घेतलास, आकृती काढून, कपलिंग मोजून, तर तो प्रोजेक्टच्या व्हायव्हाला लागतो, स्टिरिओकेमिस्ट्रीच्या पेपरला लागतो, नेटला असले प्रश्न येतातच, आणि एमआयडीसीतल्या कंपनीच्या आरअँडडीचा इंटरव्ह्यू असेल तर तिथेही 'तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा' म्हटल्यावर पुढचा प्रश्न बहुधा असाच असतो. तसंच चाल्कोनचं, तो १५-१६ हर्ट्झचा J (कपलिंग कॉन्स्टंट) बघून ट्रान्स आहे हे सांगता येणं. अशा जागा शोधून ठेव, जिथे एक अभ्यास तीन ठिकाणी वापरता येतो. हेटेरोसायकल्सचा पेपर असेल तर पायराझोल तिथेही आहे. या सेमला वाचायचा क्रम मी तरी असाच लावते, प्रोजेक्टपासून सुरू करून पेपरकडे, कारण हातातल्या कंपाउंडशी जोडलेलं वाचलेलं लक्षात राहतं.

आता बॅकलॉग. तू लिहिलंयस 'एकच तर विषय आहे, परीक्षेच्या आधी बघू'. हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटलं. सेम ४ ला डिस्टिंक्शन मिळालं आणि सेम २ चा पेपर राहिला तर डिग्री पूर्ण होत नाही. नोकरीची ऑफर असली तरी फायनल मार्कशीट मागतात, पीएचडीच्या अॅडमिशनला मागतात. ऑरगॅनिकच्या मुलांचा बॅकलॉग बहुतेक वेळा फिजिकलचाच असतो, आणि त्याचं कारण हुशारी नाही, ते फिजिकल वाचतात, सोडवत नाहीत. मेकॅनिझम वाचून जमतं, पार्टिशन फंक्शन वाचून जमत नाही. तू फिजिकलला रोज पाऊण तास दे, रोज, रविवारसुद्धा, आणि त्या पाऊण तासात पेन आणि कॅल्क्युलेटर हातात पाहिजे. मागच्या चारपाच वर्षांचे पेपर काढ, गणितांचे प्रकार वेगळे कर, पार्टिकल इन अ बॉक्सची एनर्जी, कायनेटिक्समधली रेट लॉची गणितं, तुझ्या सिलॅबसमध्ये जे असेल ते. प्रकार फार नसतात. प्रत्येक प्रकारची गणितं हात बसेपर्यंत केलीस की पास होण्यापुरता पेपर निम्म्याहून जास्त तिथेच होतो, थिअरी त्यावर घाल. सकाळी उठल्या उठल्या केलंस तर उत्तम, संध्याकाळी क्लासवर तीन तास बोलून आल्यावर पार्टिशन फंक्शन डोक्यात जात नाही, कोणाच्याच जात नाही.

क्लासच्या नोकरीबद्दल मी 'सोडून दे' असं म्हणणार नाही. पैशांची गरज असताना असा सल्ला देणं सोपं असतं आणि तो निरुपयोगी असतो. पण एक गोष्ट बघ. तुझं सेम जानेवारी ते एप्रिल-मे, आणि बारावीचं प्रॅक्टिकल, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, आणि त्याला लागून एप्रिल-मेमध्ये एमएचटी-सीईटी. म्हणजे क्लासवाल्यांचा सगळ्यात धावपळीचा काळ आणि तुझा धावपळीचा काळ एकच आहे. जानेवारीत जे तीन तास आहेत ते मार्चमध्ये टेस्ट सिरीज, पेपर तपासणं, एक्स्ट्रा लेक्चर असं करत पाच होणार, आणि सर तुला ऐनवेळी सांगणार, कारण त्यांनाही माणूस मिळत नसतो. म्हणून आत्ताच जाऊन बोल. बारावीऐवजी अकरावीची बॅच मागून घे, तिथे त्या काळात ताण कमी असतो. सीईटीची क्रॅश बॅच मला देऊ नका, माझी परीक्षा आहे, असं तारखेसकट सांग. सहा दिवसांचे चार दिवस होतात का विचार, पैसे थोडे कमी होतील, ते किती कमी झाले तर चालतील हे तुलाच ठरवावं लागेल, ते मी इथून सांगू शकत नाही. क्लासचालकांना आधी सांगितलेलं चालतं असा माझ्या मुलांचा अनुभव आहे, मार्चमध्ये सांगितलेलं चालत नाही. आणि बारावीचं ऑरगॅनिक शिकवतोस ना, तर तो वेळ वाया नाही हेही लक्षात घे, बेसिक पक्कं असणारा मुलगा इंटरव्ह्यूत उठून दिसतो.

नेटबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे आणि तुला ते आवडणार नाही. जूनच्या नेटची तयारी या सेममधून काढून टाक. शेवटच्या वर्षाच्या मुलांना फॉर्म भरता येतो, भर, जाऊन पेपर बघून ये, पण त्याच्यासाठी जानेवारी ते मे मधला एकही तास वेगळा ठेवू नकोस. केमिकल सायन्सेसचा पेपर २०० मार्कांचा आहे, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग, आणि त्यात ऑरगॅनिकइतकंच इनऑर्गॅनिक आणि फिजिकल आहे. ते दोन विषय पहिल्या वर्षानंतर तू हातात घेतलेले नाहीत आणि त्यातल्या एकात बॅकलॉग आहे. असा पेपर सेम ४ च्या फटीफटीतून होत नाही. नेट वर्षातून साधारण दोनदा होते, परीक्षा संपल्यावर पाचसहा महिने मोकळे मिळाले तर डिसेंबरच्या अटेम्प्टला तू खरा उतरशील. फिजिकलचा बॅकलॉग नीट सोडवलास तर ती नेटचीच सुरुवात आहे असं समज. याला अपवाद एकच, पहिल्या वर्षापासून ज्याची नेटची तयारी चालू आहे आणि आता फक्त उजळणी राहिली आहे त्याने सोडू नये. तुझ्या लिहिण्यावरून तू त्यातला वाटत नाहीस.

थोडक्यात आत्तापर्यंतचं असं झालं: प्रोजेक्टमधलं दुसऱ्यांवर अवलंबून असलेलं काम सगळ्यात आधी, फिजिकल रोज सकाळी, क्लासशी आत्ताच बोलणं, नेट डिसेंबरला. राहिली सेम ४ ची थिअरी, आणि तिच्याबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितेय. फेब्रुवारीअखेरपर्यंत थिअरीला लेक्चरपुरताच वेळ दे, पण लेक्चर बुडवू नकोस. ७५ टक्के हजेरीची अट आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे लेक्चरला बसून नोट्स स्वतःच्या हाताने लिहिल्या तर एप्रिलमधलं निम्मं ओझं उतरतं. मित्राच्या नोट्सची झेरॉक्स एप्रिलमध्ये वाचायला घेतली की ती परकी भाषा वाटते. इंटर्नल्स हलक्यात घेऊ नकोस, ते मार्क सगळ्यात स्वस्तात मिळतात, सेमिनार, असाइनमेंट वेळेत दे आणि विषय प्रोजेक्टच्या जवळचाच निवड. मग मार्चपासून, एनएमआर हातात आलेले असताना, थिअरीला पूर्ण बसता येतं.

रिपोर्टचं लिखाण मात्र एनएमआरची वाट बघत अडवून ठेवू नकोस. सॅम्पल गेलं की त्याच आठवड्यात इंट्रोडक्शन आणि एक्सपेरिमेंटल लिहायला घे. एक्सपेरिमेंटल तर रोजच्या रोज लॅब नोटबुकात लिहिलं असेल तर नुसतं टाइप करायचं असतं, किती ग्रॅम, किती एमएल, किती वेळ, यील्ड किती, रंग कसा. मागच्या वर्षीच्या ब्लॅक बुकमधून (बांधलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टमधून) इंट्रोडक्शन उचलायचा मोह सगळ्यांना होतो, उचलू नकोस. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्याच्या वर गेलं की प्रश्न येतात, आणि तुझं कॉलेज सॉफ्टवेअरमधून तपासत नसलं तरी एक्स्टर्नलने तेच वाक्य दुसऱ्या कॉलेजात आदल्या दिवशी वाचलेलं असतं. बाइंडिंगवाल्याकडे शेवटच्या आठवड्यात गर्दी असते, चार कॉपी, सोनेरी अक्षरं, सह्या, त्याचे चारपाच दिवस वेगळे धर.

एक अगदी मनापासून सांगते. झोप कापून लॅबमध्ये जाऊ नकोस. पुस्तकासमोर डुलकी लागली तर एक पान जातं, रिफ्लक्ससमोर लागली तर काय होईल सांगता येत नाही. तुझ्या दुसऱ्या पायरीत हायड्रझिन हायड्रेट आहे, ते विषारी आहे, फ्यूमहुडमध्येच, ग्लोव्हज घालूनच, आणि लॅबमध्ये दुसरं कोणीतरी असतानाच. शेवटच्या एसटीच्या घाईत रिअॅक्शन वर्कअप करणं मी माझ्या मुलांना बंदच केलंय. दुपारी चारनंतर नवीन रिअॅक्शन लावायची नाही हा नियम तूही कर. आणि घरी तारखा सांगून ठेव. एप्रिल-मे म्हणजे लगीनसराई, दर वर्षी कोणाच्या तरी सख्ख्या मावसभावाचं लग्न नेमकं प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी असतं. आईला, काकांना आत्ताच सांगितलंस तर ते समजून घेतात, घरच्यांना शेवटचं सेम म्हणजे काय हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आता पेपर पुढे ढकलायचं. फिजिकलचा ढकलायचा नाही, हे नक्की. सेम ४ चा एखादा पेपर सोडायचा का, तर आजारपण किंवा घरी काही गंभीर झालं तरच. मिळवलेले क्रेडिट्स लगेच कुठे जात नाहीत, ते एबीसीत (अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये) जमा राहतात, त्यामुळे एक पेपर राहिला म्हणून आयुष्य संपत नाही हे खरं आहे. पण मी बघितलंय की पोरगा कंपनीत लागतो, शिफ्ट सुरू होतात, परीक्षेला सलग सुट्टी मिळत नाही, डिपार्टमेंटशी संपर्क तुटतो, सिलॅबस बदलतो, आणि तो एक पेपर दोन-दोन वर्षं तसाच राहतो. आत्ता तू कॅम्पसमध्ये आहेस, शंका विचारायला शिक्षक समोर आहेत, सोबत अभ्यास करणारे आहेत. कमी मार्कांनी का होईना, पण या खेपेला सगळे पेपर दे. एखाद्या इलेक्टिव्हमध्ये साठऐवजी पन्नास मिळाले तर चालतील, फक्त एकूण ५५ टक्क्यांच्या खाली जाऊ नकोस, नेट-सेटला ओपनमधून तेवढे लागतात. आधीच्या तीन सेमचे मार्क मांडून बघ, म्हणजे कोणत्या पेपरला किती सैल सोडता येतं ते कळेल.

या सोमवारी परीक्षा विभागात जाऊन दोन गोष्टी विचार: सेम २ च्या बॅकलॉगचा फॉर्म कधी सुटतो आणि त्याचा पेपर सेम ४ च्या पेपरांच्या आधी असतो, मध्ये असतो की नंतर. प्रत्येक विद्यापीठात हे वेगळं असतं आणि फॉर्मची तारीख चुकली की लेट फी किंवा थेट पुढची परीक्षा. ते कळलं की इथेच लिही, सोबत तुझे आधीच्या सेमचे मार्क पण टाक, मधल्या सुट्ट्या बघून फिजिकलची उजळणी कुठे बसवायची ते सांगते.